ऐकूं येतें, पण समजत नाहीं

वय वाढलें कीं डोळे अधू होतात, ही गोष्ट आपल्या समाजानें फार पूर्वींच मान्य केली आहे. ‘चाळिशी’ हा शब्दच वयाचा आणि चष्म्याचा एकदम वाचक झाला, आणि चाळिशी नाकावर चढली म्हणून कोणा गृहस्थास मान खालीं घालावी लागल्याचें ऐकिवांत नाहीं. उलट चष्म्यानें मनुष्य थोडा अधिक विद्वान् दिसतो अशीच समजूत आहे. दांत पडले तर कवळी बसवून घेण्यासही आतां कोणी लाजत नाहीं. कानांची गोष्ट मात्र निराळी. कान अधू झाले हें ज्याचें त्यास प्रथम कळत नाहीं. कळलें तरी तो कबूल करीत नाहीं. आणि कबूल केलें तरी त्यावर उपाय करण्यास त्याचें मन धजत नाहीं. आंधळ्याची लोकांस कींव येते, बहिऱ्याचें हंसूं येतें. नाटकांत आणि चुटक्यांत बहिरा मनुष्य हा हुकमी हंशाचा विषय झाला आहे, आणि त्या हंशाच्या भयानें घरोघरचीं वडील माणसें आपलें न्यून झांकीत बसतात.

या झांकण्याची किंमत त्या एकट्या माणसासच द्यावी लागती, तर त्याविषयीं चार शब्द लिहिण्याचें विशेष कारण नव्हतें. परंतु ती सर्व घरास द्यावी लागते, आणि बहुधा सर्वांत अधिक त्याच्या पत्नीस. हें मी पुस्तकांत वाचून सांगत नाहीं. माझ्याच घरीं घडलेली गोष्ट आहे. ती सांगण्यांत माझा मोठेपणा कांहीं नाहीं. तथापि ती वाचून एखाद्या घरांतील गैरसमज चार वर्षें आधीं दूर झाला, तर लाज गिळून लिहिल्याचें सार्थक होईल.

ताट कीं पाट?

ठाण्यांत वर्तकनगर भागांत मी पंचवीसएक वर्षें राहात आहें. शालान्त परीक्षेनंतर संस्कृत पाठशाळेंत शिकलों, आणि पुढें पस्तीस वर्षें मुलांकडून विभक्ति घोकून घेण्यांत आणि त्यांचे उच्चार सुधारण्यांत गेलीं. निवृत्त होऊन आतां आठ वर्षें झालीं. घरीं आम्ही उभयतां, मुलगा, सून आणि दोन नातवंडें. सकाळीं मुलगा व सून कामावर आणि मुलें शाळेंत गेलीं, म्हणजे दिवसभर घरांत आम्ही दोघेंच.

गोष्टीचा आरंभ अगदीं क्षुल्लक होता. श्रावणांत घरीं पूजा होती. वीसपंचवीस माणसें जेवावयास होतीं. पत्नीनें स्वयंपाकघरांतून सांगितलें, “अहो, तेवढें ताट आणा.” मीं माळ्यावरून पाट काढून नेऊन दिला. मंडळी हंसली, तीही हंसली. मला मात्र राग आला. ज्यानें जन्मभर वर्गांत ‘श’ आणि ‘ष’ यांतला भेद शिकविला, त्यालाच घरचीं माणसें हंसतात! मीं तेथेंच सुनावलें, “जरा स्पष्ट बोलत जा. हल्लीं या घरांत सारींच पुटपुटतात.”

त्या दिवसापासून ‘तुम्ही पुटपुटतां’ हें माझें पालुपद झालें. मुलगा काय बोलतो तें कळेना, तेव्हां वाटे, हा मुद्दामच हळू बोलतो. टी. व्ही.वरच्या बातम्यांचा आवाज मी वाढवीं. सून कांहीं न बोलतां आपल्या खोलीचें दार लोटून घेई. नात सहा वर्षांची. ती शाळेंतली कविता म्हणून दाखवावयास माझ्यापाशीं येई. तिचा बारीक आवाज मला नीट लागत नसे, म्हणून मी मधून मधून “छान, छान” म्हणें. एके दिवशीं ती आईला म्हणाली, “आजोबा ऐकत नाहींत, नुसतें छान म्हणतात.” पुढें ती कविता घेऊन आजीकडे जाऊं लागली.

पत्नीचा आक्षेप अधिक टोंचणारा होता. “उपवन तळ्यावरच्या तुमच्या मित्रांचें बोलणें बरें सारें ऐकूं येतें! माझेंच तेवढें येत नाहीं.” यांत खोटें कांहींच नव्हतें. सायंकाळीं तळ्याकांठीं चार समवयस्क भेटत, त्यांचें बोलणें मला समजे. घरांत तिचें समजत नसे. याचा उलगडा मला स्वतःलाही होत नव्हता. मग हळू हळू तिनें सांगणेंच सोडलें. दोनदां सांगून तिसऱ्यांदा ओरडून सांगावयाचें, आणि वर “ओरडतेस कशाला?” हें ऐकून घ्यावयाचें, त्यापेक्षां न सांगितलेलें बरें, असें तिला वाटलें असल्यास नवल नाहीं. आमचें बोलणें चहा, औषध आणि दाराची कडी यांपुरतें उरलें. मला वाटे, ही वयाबरोबर तुसडी झाली. तिला वाटे, हे निवृत्त झाल्यापासून तुटक झाले. दोघांचीही समजूत चुकीची होती, पण ज्याला त्याला आपली खरी वाटत होती.

अशीं दोन वर्षें गेल्यावर पौषांतली ती सकाळ आली. बँकेच्या कसल्याशा कागदावरून आम्हां दोघांत बोलाचाली झाली होती. मी बाहेरच्या खोलींत वर्तमानपत्र घेऊन बसलों. समोर एका जुन्या इमारतीच्या जागीं नवी उभारण्याचें काम चाललें होतें, त्याचा घणघणाट येत होता. पत्नी न्हाणीघरांत पाय घसरून पडली. मनगटाचें हाड मोडलें आणि तिला उठतां येईना. तिनें हांका मारल्या. मी पंधरा पावलांवर बसलों होतों. अर्ध्या तासानें कामवाली बाई आली, तिनें आंतला आवाज ऐकला आणि मला येऊन हलविलें, तेव्हां मला कळलें.

रात्रीं हात प्लास्टरमध्यें घालून घरीं आल्यावर पत्नी माझ्यासमोर बसली आणि माझ्या तोंडाकडे पाहात सावकाश म्हणाली, “मीं किती हांका मारल्या! तुम्ही आलां नाहींत. मला वाटलें, सकाळचा राग अजून गेला नाहीं.”

हें ती रागानें म्हणाली असती तर मीं कांहीं तरी उत्तर दिलें असतें. अडतीस वर्षांच्या संसारानंतर, नवरा हांक ऐकूनही येणार नाहीं असें आपल्या पत्नीस वाटूं शकतें, याचें दुःख मोडलेल्या हाडाहून मोठें होतें. दुसऱ्या दिवशीं मीं आपण होऊन मुलास सांगितलें, “मला कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन चल.”

व्याकरणाची साक्ष

डॉक्टरांनीं प्रथम दोन्ही कानांतला मळ काढला. कित्येकांचें बहिरेपण एवढ्यानेंच जातें, म्हणून ही तपासणी आधीं करावयाची असते. मात्र ती डॉक्टरांकडून, घरीं काडी किंवा केसांतला चाप घालून नव्हे. माझें तेवढ्यानें गेलें नाहीं. मग बाहेरचा आवाज येणार नाहीं अशा लहानशा बंद खोलींत बसवून एका तरुण श्रवणतज्ज्ञ बाईंनीं मला निरनिराळ्या उंचीचे बारीक स्वर ऐकविले. स्वर ऐकूं आला कीं बटण दाबावयाचें. अर्ध्या तासांत आलेख तयार झाला. खालच्या स्वरांत माझी श्रवणशक्ति जवळ जवळ शाबूत होती. वरच्या स्वरांकडे रेघ डोंगरउतारासारखी घसरत गेली होती. बाई म्हणाल्या, “काका, तुम्हांला आवाज ऐकूं येतो, पण शब्द समजत नाहीं, असेंच होतें ना?” या एका वाक्यानें माझ्या दोन वर्षांचा उलगडा झाला.

ज्यांनीं थोडें व्याकरण वाचलें असेल त्यांना ही गोष्ट चटकन् कळेल. स्वर कंठांतील नादानें उच्चारले जातात. ते भरदार असतात आणि त्यांची मुख्य शक्ति खालच्या कंपनांत असते. ग, ज, द, ब या घोष वर्णांनाही त्या नादाचा आधार आहे. परंतु क, च, ट, त, प हे अघोष वर्ण, आणि श, ष, स हे ऊष्मे, यांत कंठनाद नाहींच; ते श्वासाच्या अडण्यानें किंवा घर्षणानें होतात. ते नाजूक असतात, आणि त्यांची ओळख बरीचशी उंच कंपनांवर अवलंबून असते. उतारवयांत प्रथम जाते ती हीं उंच कंपनें ऐकण्याची शक्ति. म्हणून ‘ताट’, ‘पाट’, ‘खाट’, ‘चाट’ या सर्वांतला ‘आ’ मला ऐकूं येई, आणि भोंवतालचीं व्यंजनें मी अंदाजानें भरीत असें. शब्दाशब्दांतला भेद तर व्यंजनांवरच अधिक अवलंबून असतो. जी वर्णांची वर्गवारी मीं पस्तीस वर्षें फळ्यावर लिहिली, तीच त्या आलेखांत मला उलट बाजूनें दिसली.

याचें शारीरिक कारणही समजून घेण्याजोगें आहे. अंतःकर्णांत शंखासारखी वळलेली एक नळी असते. तिच्यांत जन्मतः प्रत्येक कानास सुमारें पंधरा-सोळा हजार रोमपेशी असतात. त्या ध्वनीचीं कंपनें ज्ञानतंतूंकडे पोंचवितात. नळीच्या तोंडाकडच्या पेशी उंच स्वर घेतात, आंतल्या टोंकाकडच्या खालचे. तोंडाकडच्या आधीं झिजतात, आणि मनुष्याच्या शरीरांत एकदां गेलेली रोमपेशी पुन्हा उगवत नाहीं. वाढतें वय, वर्षानुवर्षें सोसलेले मोठे आवाज, मधुमेह, धूम्रपान, तसेंच स्ट्रेप्टोमायसिन किंवा जेंटामायसिन यांसारखीं कांहीं औषधें यांमुळें ही झीज होते किंवा वाढते.

पत्नीच्या आक्षेपाचें उत्तरही यांतच होतें. स्त्रियांचा आणि लहान मुलांचा आवाज पुरुषांच्या मानानें उंच व बारीक असतो. शिवाय तळ्यावरचे मित्र माझ्यासमोर बसून बोलत. पत्नी पाठमोरी, नळाखालीं भांडीं विसळतां विसळतां बोले. मित्रांचें मन लावून ऐकावें आणि पत्नीचें टाळावें असें माझ्या मनांत कधींच नव्हतें; पण दिसत होतें अगदीं तसेंच. किती घरांत आज हाच आरोप होत असेल, आणि खरें कारण कोणालाच ठाऊक नसेल!

ओरडल्यानें काय होतें?

कमी ऐकूं येणाऱ्या माणसाशीं ओरडून बोलावें, अशी सार्वत्रिक समजूत आहे. ती चुकीची आहे. ओरडल्यानें स्वर मोठे होतात, व्यंजनें त्यांत बुडतात. म्हणजे जें आधींच ऐकूं येत होतें तें दुप्पट झालें, आणि जें हवें होतें तें हरवलें. दुसरें असें कीं झिजलेल्या कानास हळू आवाज लागत नाहीं, पण मोठा आवाज मात्र एकदम असह्य होतो. म्हणून “मोठ्यानें बोल” आणि “ओरडतेस कशाला?” हीं दोन्ही वाक्यें एकाच मिनिटांत एकाच तोंडून येतात. तो हट्ट नसतो. त्या कानाचा धर्मच तो. तिसरें आणि सर्वांत वाईट असें, कीं ओरडणाऱ्याचा चेहरा रागावल्यासारखा दिसतो. ज्याला शब्द कळत नाहींत तो चेहराच वाचतो, आणि साधी चहाची विचारणाही त्याला भांडण वाटते.

यावर उपाय घरांतल्या सर्वांनीं मिळून करावयाचा असतो. आमच्या घरीं जे नियम ठरले ते सांगतों. बोलण्यापूर्वीं हांक मारून किंवा हातास स्पर्श करून लक्ष वेधावें; पहिलें वाक्य वायां जाऊं देऊं नये. समोर येऊन, तोंडावर उजेड पडेल असें उभें राहून, नेहमींच्याच आवाजांत पण सावकाश बोलावें. नळ, मिक्सर, टी. व्ही. यांपैकीं जें चालू असेल तें आधीं बंद करावें. एक शब्द दोनदां कळला नाहीं तर तोच तिसऱ्यांदा न म्हणतां निराळा घ्यावा. ‘ताट’ कळलें नाहीं तर ‘जेवायचें स्टीलचें ताट’ म्हणावें. पंक्तींत एका वेळीं एकानेंच बोलावें. आणि “जाऊं द्या, कांहीं नाहीं” हें वाक्य घरांतून हद्दपार करावें. बोलणाऱ्यास तें सोईचें वाटतें. ऐकणाऱ्यास, तुम्हांला सांगण्याजोगें कांहीं नाहीं, असा त्याचा अर्थ पोंचतो.

नियम एकाच बाजूस नाहींत. ज्याला कमी ऐकूं येतें त्यानें न कळतां मान डोलविणें सोडलें पाहिजे. हें सर्वांत कठीण, आणि मला अजूनही पूर्ण साधलेलें नाहीं. नुसतें “काय?” असें न विचारतां जेवढें कळलें तेवढें सांगून उरलेलें विचारावें: “गुरुवारीं जायचें म्हणालीस, तें कोठें?” त्यामुळें सांगणाऱ्यास आपण ऐकत होतों हें दिसतें, आणि त्याचे श्रमही वांचतात.

यंत्र आणि धीर

लाज ही कांहीं आपल्याच लोकांत आहे असें नाहीं. जर्मन संगीतकार बीथोव्हेन (१७७०–१८२७) याची श्रवणशक्ति तिशीच्या आंतच क्षीण होऊं लागली. १८०२ मध्यें व्हिएन्नाजवळ हायलिगेनश्टाट येथें त्यानें आपल्या भावांस उद्देशून एक पत्र लिहिलें. लोक आपल्याला माणूसघाणा समजतात, परंतु खरें कारण आपल्याच्यानें त्यांना सांगवत नाहीं, असा त्या पत्राचा आशय आहे. तें पत्र त्यानें पाठविलेंच नाहीं; मृत्यूनंतर तें त्याच्या कागदपत्रांत सांपडलें. १८१८ च्या सुमारास तो संभाषणासाठीं वह्या बाळगूं लागला; भेटावयास येणारे आपलें म्हणणें त्यांत लिहून दाखवीत. त्या काळीं त्याला याहून चांगला उपाय नव्हता. आपल्याला आहे, आणि तरी आपण लपवितों.

मला दोन्ही कानांस यंत्रें मिळालीं. पूर्वींचीं यंत्रें सगळेच आवाज सरसकट मोठे करीत. हल्लींचें डिजिटल यंत्र ज्याच्या त्याच्या आलेखाप्रमाणें उणे असलेले स्वर अधिक वाढवितें. तरीही पहिला दिवस छळाचा गेला. वर्तमानपत्राचें पान उलटलें तर पत्रा वाजल्यासारखें वाटे. नळाचें पाणी, कुकरची शिट्टी, स्वतःच्या चपला, सारें अंगावर धांवून येई. माझा आवाज मलाच रांजणांतून आल्यासारखा वाटे. चौथ्या दिवशीं मीं तीं यंत्रें काढून टेबलाच्या खणांत टाकलीं, आणि महिनाभर तीं तेथेंच राहिलीं. पुष्कळांचीं तेथेंच राहातात.

असें होण्याचें कारण हें, कीं चष्मा लावतांच दिसूं लागतें, परंतु यंत्र लावतांच समजूं लागत नाहीं. जे आवाज मेंदूस वर्षानुवर्षें मिळाले नव्हते ते एकदम मिळूं लागतात, आणि त्यांतले कोणते घ्यावे व कोणते सोडून द्यावे, ही निवड त्यास नव्यानें शिकावी लागते. याला कांहीं आठवडे लागतात. आरंभीं घरांत शांत वेळीं तास-दोन तास, मग दिवसभर, मग बाहेर गर्दींत, असा क्रम ठेवावा. आणि मध्यंतरीं दोन-तीन वेळां तज्ज्ञांकडे जाऊन यंत्राची जुळणी सुधारून घ्यावी. हा सराव माझ्याकडून पत्नीनें करून घेतला. रोज दुपारीं ती समोर बसून वर्तमानपत्र वाची, आणि मी ऐकलेलें परत म्हणून दाखवीं. पस्तीस वर्षें जें मीं मुलांकडून करून घेतलें तेंच आतां माझ्याकडून करून घेण्यांत येत होतें, आणि शिक्षिका मोठी कडक होती. यंत्रानें कान पुन्हा तरुण होत नाहींत. लग्नाच्या मांडवांत मी अजूनही गोंधळतों. पण हांक ऐकूं येते.

ज्यांना खर्चाची अडचण आहे त्यांच्यासाठीं सोयी आहेत, त्या पुष्कळांस ठाऊक नसतात. मुंबईस वांद्र्याला अली यावर जंग यांच्या नांवाची वाणी व श्रवण यांसंबंधींची केंद्र सरकारची राष्ट्रीय संस्था १९८३ मध्यें स्थापन झाली. तेथें श्रवणाची तपासणी होते. दारिद्र्यरेषेखालील ज्येष्ठांना साधनें देण्यासाठीं केंद्र सरकारनें २०१७ मध्यें राष्ट्रीय वयोश्री योजना सुरू केली, तींत श्रवणयंत्रही आहे. महाराष्ट्र सरकारनें २०२४ मध्यें मुख्यमंत्री वयोश्री योजना काढून ६५ वर्षें पूर्ण झालेल्या व मर्यादित उत्पन्नाच्या व्यक्तीस अशा साधनांसाठीं एकदां ३००० रुपये देण्याचें ठरविलें. आपल्या घरीं यांचा उपयोग नसला, तरी आपल्याकडे काम करणाऱ्या बाईंच्या वडिलांस असूं शकेल. तेवढें त्यांना सांगावें.

एक सूचना फार महत्त्वाची. ऐकूं येणें वर्षानुवर्षें हळू हळू कमी झालें तर तें वयाचें समजावें. परंतु एक-दोन दिवसांतच एका कानानें एकाएकीं ऐकूं येईनासें झालें, तर त्याच दिवशीं डॉक्टर गांठावा. त्या वेळीं थोड्या दिवसांचा उशीरही कायमचा नडूं शकतो. कान वाहात असेल तर तेल घालण्याचा घरगुती उपाय मुळींच करूं नये.

मेंदूस काय पोंचतें?

जागतिक आरोग्य संघटनेच्या मतें साठीपुढील माणसांपैकीं चौथ्या हिश्श्याहून अधिक लोकांचें ऐकणें, व्यवहारांत अडचण व्हावी इतकें कमी झालेलें असतें. ही अडचण कानापाशींच थांबत नाहीं. ‘लॅन्सेट’ या प्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञमंडळानें २०२४ मध्यें स्मृतिभ्रंशाचीं टाळतां येण्याजोगीं चौदा कारणें दिलीं. तीं सर्व दूर झालीं तर सुमारें ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळेल किंवा लांबेल असा त्यांचा अंदाज आहे, आणि या चौदांत उपचार न केलेल्या मध्यम वयांतील बहिरेपणाचा वांटा सर्वांत मोठ्यांपैकीं, म्हणजे सुमारें ७ टक्के, आहे. ज्याला ऐकूं येत नाहीं तो बैठकींत बसेनासा होतो, बोलेनासा होतो. शिवाय तुटक ऐकलेलें जुळवून घेण्यांतच त्याच्या बुद्धीची शक्ति खर्च होते.

यावरून यंत्र लावलें कीं विस्मरण टळलें, असें मात्र कोणी समजूं नये. अमेरिकेंत ७० ते ८४ वयाच्या ९७७ लोकांवर तीन वर्षें प्रयोग झाला, त्याचा निष्कर्ष २०२३ मध्यें प्रसिद्ध झाला. सर्वांचा मिळून विचार केला तर यंत्रानें बुद्धीच्या ऱ्हासांत फरक पडला नाहीं. परंतु ज्यांना मुळांत स्मृतिभ्रंशाचा धोका अधिक होता त्यांच्यांत तो ऱ्हास ४८ टक्क्यांनीं मंद झाला. एवढेंच आज खात्रीनें सांगतां येतें. मला तर असें वाटतें, कीं बुद्धीचा लाभ पुढें होवो न होवो, घरांतल्या माणसांशीं बोलतां येणें हाच यंत्र लावण्यास पुरेसा लाभ आहे.

उरलेलें राखणें

गेलेली रोमपेशी परत येत नाहीं, म्हणून चाळिशी-पन्नाशीच्या वाचकांनीं उरलेल्या राखाव्या. ८५ डेसिबल आवाज दिवसांत आठ तासांहून अधिक सोसूं नये असें मानतात. पुढें दर तीन डेसिबलांस ही मुदत निम्मी होते, म्हणजे १०० डेसिबल आवाज पंधरा मिनिटेंच सोसावा. लोकल गाडीच्या खडखडाटावर मात करण्यासाठीं कानांत खुपसलेल्या इअरफोनचा आवाज चढविणाऱ्यांनीं हा हिशेब ध्यानांत ठेवावा.

२००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांप्रमाणें निवासी भागांत दिवसा ५५ आणि रात्रीं ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. ती कागदावरच राहूं नये म्हणून आमच्या ठाण्याचेच डॉ. महेश बेडेकर यांनीं मुंबई उच्च न्यायालयांत जनहितयाचिका केली, आणि २०१६ च्या ऑगस्टमध्यें न्यायालयानें विस्तृत निकाल दिला. ध्वनिक्षेपक लावणें हा कोणत्याही धर्माचा आवश्यक भाग नव्हे, असें त्या निकालानें स्पष्ट केलें, आणि तक्रारींची दखल घेण्याची जबाबदारी सरकारी यंत्रणेवर टाकली. सण मोडावेत असें मी म्हणत नाहीं. दहीहंडीच्या दिवशीं आमच्या भागांत जो उत्साह असतो तो मीही खिडकींतून पाहातों. परंतु नातू ढोलपथकांत जात असेल तर त्याच्या कानांत फोमचे बोळे घालून पाठवावें. कापसाचा बोळा पुरत नाहीं.

शुश्रूषा

संस्कृतांत ‘श्रु’ म्हणजे ऐकणें. या धातूस इच्छार्थक प्रत्यय लागून ‘शुश्रूषा’ शब्द होतो. त्याचा मूळ अर्थ ‘ऐकण्याची इच्छा’. शिष्यानें गुरूचें ऐकण्यास उत्सुक असावें, यावरून पुढें त्याचा अर्थ सेवा असा झाला, आणि आज आपण तो आजाऱ्याच्या सेवेस लावतों. ही व्युत्पत्ति मीं वर्गांत कितीदां तरी सांगितली असेल. घरांत तिचा अर्थ मला सासष्टाव्या वर्षीं कळला. म्हाताऱ्या माणसाची सेवा म्हणजे औषध वेळेवर देणें, उशी नीट करणें, एवढेंच आपण समजतों. त्याला ऐकूं जाईल असें बोलणें, आणि त्यानेंही दुसऱ्याचें ऐकण्यासाठीं लागेल तो उपाय करणें, हीही शुश्रूषाच आहे, आणि ती दोन्ही बाजूंनीं करावयाची आहे.

गेल्या वैशाखांत एके संध्याकाळीं आम्ही दोघें उपवनच्या तळ्यावर बसलों होतों. मीं तिला विचारलें, “त्या दोन वर्षांत तूं मला सांगितलेंस आणि मीं ऐकलें नाहीं, असें कांहीं राहिलें आहे का?” ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, कीं कोंकणांतलें तिचें माहेरचें घर विकावयाचें ठरलें, तेव्हां विकण्यापूर्वीं एकदां जाऊन यावें असें तिनें मला सांगितलें होतें. मीं “हूं” म्हटलें होतें. तिला वाटलें, होकार आहे. आठ दिवस तिनें वाट पाहिली. पुन्हा विचारण्याचें तिच्या मनांत आलें नाहीं. घर विकलें गेलें.

याला आतां उपाय नाहीं. घर पाडून तेथें दुसरें उभें राहिलें आहे. मीं तिला म्हटलें, “घर कसें होतें तें मला सांग.” लग्नानंतर चार-पांचदां मी तेथें गेलों होतों, तरी मागच्या पडवीला किती खांब होते, विहिरीवरचा रहाट कोणत्या बाजूस होता, आई जातें कोठें मांडून बसे, हें मला माहीत नव्हतें. काळोख पडेपर्यंत ती सांगत होती. मध्यें दोन ठिकाणीं मला शब्द लागले नाहींत. मीं तिला थांबवून पुन्हा विचारलें, आणि तिनें पुन्हा सांगितलें.